चार बोटं

नोव्हेंबर सरता सरता नोटीस लागली,
खाली निळा शिक्का, त्यावर सही:
खो-खोच्या पोरींची पँट गुडघ्याखाली चार बोटं,
पाहणाऱ्या पोरींच्या ओढण्यांना दोन्ही खांद्यांवर पिना,
बिनबाह्यांचं कोनीच नाई,
अन् भोंग्यावर शब्द नसलेलंच वाजन.

कोनाची चार बोटं, ते लिहेल नव्हतं.
सिस्टर ग्रेशियाची म्हंजे उदबत्तीच्या काड्या.
माही, फरशा घासू घासू, फक्की कालवू कालवू,
सांध्यांवर सुजलेली.
पोट्ट्यांनी सिस्टरची मागितली.
सिस्टर हसली नाई.
म्हने, कौतिकाबाई, तू मोज.

मंग मी एकेकीपुढे उकिडवी बसली.
बारा पोरी, चोवीस गुडघे.
शिरीनच्या डाव्यावर सायकलवरून पडल्याची चंद्रकोर,
एकीच्या दोन्हीवर खाजवलेले डास,
सुगंधा रामटेकेचे काळे, टणक.
घरची फरशी तीच पुसत असन,
मले इचारा नाई लागलं.
माहे असेच आहेत.
बाराच्या बारा पास.

पन हा खो-खो आहे, बापा.
चौकोनात बसल्या तं कापड चढलं वर,
चारातलं एकही बोट उरलं नाई.
सिस्टरनं पाह्यलं. मीबी पाह्यलं.
दोघी मिळून मंग फक्कीच्या रेघेकडे पाहत राह्यलो.
नोटीस उभ्या पोरीसाठी लिहेल होती.

साउंडवाला पाचपावलीचा, डब्बू त्याचं नाव.
सिस्टरनं खिशातून पेन ड्राइव्ह काहाडून देल्ला,
अर्धा तास नुसता ऑर्गन,
जसं कोनी दुपारी एकटंच बसून
जांभया देत वाजवून राह्यलं.
डब्बू माह्या कानाशी येऊन म्हने,
बाई, याच्यावर तं कासवबी धावनार नाई.

फायनल वर्ध्याच्या पोरींसंग.
दुसऱ्या डावाले ऊन उतरलं, थंडी चढली,
अन् सदरच्या रस्त्यानं वरातीचं संदल आलं.
आधी जमीन हालली, मंग कान.
सिस्टर म्हने, फाटक लाव.
लावलं.
पन फाटकाले गज आहेत, पाट्या नाईत,
ढोल आडवा होऊन आत आला.
सिस्टर म्हने, ऑर्गन वाढव.
डब्बूनं वाढवला.
आता दोन्ही एकमेकांत घुसले,
अन् आमच्या पोरी,
ज्या सकाळपासून झोपेतल्यावानी पळत होत्या,
खो, खो, खो,
नेमक्या ढोलाच्या ठोक्यावर उठाले लागल्या.
मले लाज वाटली का मजा वाटली,
आजबी सांगता येत नाई.
पिनांच्या ओढण्या सगळ्या उभ्या.

सुगंधानं खांबापासून अंग झोकलं.
वर्ध्याच्या पोरीची टाच हाती लागली,
अन् गुडघा जमिनीले.
कापड टर्रकन. फक्की लाल.
माहा हात आपोआप गेला,
तीच चार बोटं,
सकाळी मोजलेल्या जागेच्या जरा वर
दाबून धरली.
गरम होतं. पोट्टी वरडली नाई,
फक्त इचारलं, आउट झाली ना ते?

सिस्टर धावत आली, खाली वाकली.
ओढणीवालीकडून पिन मागून घेतली,
फाटलेलं टोचाले.
मी म्हनलं, थांबा. रक्त थांबू द्या.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी तिले थांब म्हनलं.
ते थांबली.
पिन उघडी धरून, तशीच गुडघ्यावर बसून,
पांढऱ्या झग्याले फक्की लागेपर्यंत.
संदल तवा पार लांब गेलं होतं.
ऑर्गन चालूच होता, कोनी बंद केला नाई.

एका गुनानं हारलो.

सोमवारी नवी नोटीस.
चाराच्या जागी पाच बोटं,
शिक्का तोच, सही थोडी हाललेली.
पाचवं म्हंजे अंगठा.
अंगठा तं मी सकाळी सात वाजताच
गेटावरच्या मशीनले देऊन येते,
तीनदा पुसून, चवथ्यांदा घेते ते.
रेघाच उरल्या नाईत त्याच्यावर.
सिस्टरले सांगितलं तसं.
म्हने, पाहू.