जशी आहे तशी

रुस्ताव्हीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात
वाख्तांगनं डॅशबोर्डखाली वायर खुपसली
आणि दोन लाख चौदा हजार किलोमीटर
चहा निवायच्या आत
एकोणनव्वद हजार झाले.

कुठे गेले सव्वा लाख?
कुणाचं रोजचं ऑफिस,
बर्फातल्या घाटात कळा सोसत गेलेली
कुणाची तरी रात्र.

करारात ओळ आहे: ‘जशी आहे तशी विकली.’
मालक म्हणतो, ज्याचं त्यानं बघून घ्यावं,
बोट ठेवायला कुठे जागा नाही,
वकिलानं पैसे घेऊन सांगितलंय.

सीटकव्हरं कोरी. स्टिअरिंगला नवं कातडं.
फक्त ब्रेकच्या पेडलचं रबर
एका कडेला पार झिजलेलं.
ते बदलायचं वाख्तांग
प्रत्येक गाडीत विसरतो.
मालकानं दोनदा हटकलं. उद्या, म्हणाला.

शनिवारी लामाराबाई आल्या, शाळेत भूगोल शिकवतात.
आकडा बघून हरखल्या.
वाख्तांग हात पुसत राहिला,
एकच हात, कितीतरी वेळ.
मग म्हणाला, ‘आत बसा ना.
जरा ब्रेकवर पाय ठेवून बघा.’

बाईंनी ठेवला. दाबला. पुन्हा दाबला.
‘छान आहे हो,’ म्हणाल्या, ‘अगदी गुळगुळीत.’
आणि पर्स उघडली.