सोडा पाण्यात

फान्दिन्योच्या बारमधून सोमवारी तेल मिळतं.
आठवडाभर त्यात माकुल तळलेले असतात, बटाटे,
रविवारी कुणाच्या बाप्तिस्म्याचे गोड वडे.
पाच लिटरचा कॅन, झाकणाशी चिकट.
तो म्हणतो, ने बाई, नाहीतर मोरीतच जाणार होतं.
मी ते ओबदुलियाच्या जुन्या नायलॉन मोज्यातून गाळते.
टाचेत काळा चुरा साठतो
आणि मोजा पुन्हा पायासारखा दिसायला लागतो.

बुरेलात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
नवरा कुप्याच्या बोटीवर,
माझ्याजवळ केप व्हर्दचा एकच पत्ता, तोही तोंडपाठ.
माशाचं रक्त शर्टावर वाळलं
की दुकानातली पावडर त्याला नुसता वास लावते.
दोरीवरचे डाग बघून
ओबदुलियाने भिंतीवर एक तुकडा ठेवला, काही न बोलता.
पिवळट, कडा वाकड्या,
वर खिळ्याने कोरलेली तारीख.
मला वाटलं, चीज आहे.

मग तिने शिकवलं.
तीन लिटर तेल, तीन लिटर पाणी, अर्धा किलो कॉस्टिक.
उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.
आणि मी बहिरी असल्यासारखी ओरडून:
सोडा पाण्यात. पाणी सोड्यात कधीच नाही.
तिची भाषा मला येत नव्हती.
तिने मनगट पुढे केलं,
नाण्याएवढा पांढरा डाग,
तो मात्र लगेच कळला.

मग काठी, एकाच दिशेने, लापशीइतकं दाट होईपर्यंत.
उलटं ढवळलं तर साबण फाटतो म्हणे.
एकदा ती कोंबड्यांमागे गेली असताना मी उलटं ढवळलं.
काही फाटलं नाही.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मी तिला आमच्या बेटावरचं सांगितलं,
आई मोगली एरंडाच्या बिया कुटायची,
राखेचं पाणी, काळा साबण, हातांना दिवसभर त्याचा दर्प.
ती म्हणाली, अगं, ते तर विष!
मी तिच्या डब्याकडे बोट दाखवलं, त्यावरच्या कवटीकडे.
आम्ही इतक्या हसलो की काठी बादलीत पडली.

यंदा मार्चमध्ये
भिंतीपलीकडे बघितलं तर डबा उघडा,
पावडर बादलीच्या तळाशी,
आणि तिच्या हातात भरलेला जग.
भिंत कशी ओलांडली, आठवत नाही. मी बासष्टची आहे.
जग हिसकावला तेव्हा ती म्हणाली,
कॉफी घेणार का,
पाहुण्याला विचारावं तशी.

डबा आता माझ्या कपाटावर असतो.
लुगोहून तिचा मुलगा आला,
लव्हेंडरचं चित्र असलेली जांभळी बाटली घेऊन.
आई, आता पुरे हे.
तिने ती खिडकीत ठेवली, उन्हात, फुलदाणीच्या जागी.

सोड्याचं काम मी पहाटेच उरकते, ती उठायच्या आत.
वाफ बसते, पाणी कोमट होतं,
तेल पडतं, मग तिला हाक मारते.
माझं नाव गेलंय तिच्याकडून.
कोंबड्यांची गेली, नवरा कधी वारला तेही.
पण काठी दिली की हात उजवीकडे वळतो आणि वळतच राहतो.
मी मध्ये बोट लावलं
तर फटका बसतो.

चाळीस दिवस मुरावा लागतो.
माळ्यावर फळ्या, फळ्यांवर वड्या, मधे वाऱ्यापुरती फट.
तारीख आता मी कोरते.
काल म्हटलं बघू, आणि एक वडी खाली आणली.
अठ्ठावीस दिवसांची.
तिने नखाने कडा उकरली,
कण जिभेच्या टोकावर ठेवला,
डोळे मिटले. बराच वेळ.

अजून चावतोय, म्हणाली,
आणि थुंकून, ओठ पुसून
वडी माझ्या हातात परत दिली:
वर ठेव. घाई नको करूस, दोमिंगा.