कोरडा

पाण्याशी त्याचं जमत नाही.
सगळी खडी भिजते, घरंगळते, निघून जाते,
हा कोरडाच राहतो.
आणि चरबी दिसली की लोचटासारखा चिकटतो.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं मला
कुन्नेय प्रोकोप्येव्हनाने.
"मुकुटबिकुट विसर, तुयारा.
आधी पट्ट्यावरची चरबी खरवडायला शीक."

बाहेर उणे सेहेचाळीस.
धुकं इतकं दाट की बसचे दिवे
हाताने बाजूला सारावेत.
आत आमचे झगे बिनखिशाचे,
बाह्या मनगटाशी शिवलेल्या,
आणि डोक्यावर कॅमेरा, पापणी न लवणारा.

तिचा बाप घोडे हाकायचा
खडक शोधत आलेल्या लोकांचे.
व्हिल्युयच्या रेतीत ते
गार्नेटचे लाल कण चाळत,
वाळल्या रक्ताच्या थेंबांएवढे,
आणि थेंबांचा माग काढत वर वर जात
जिथे जखम आहे तिथपर्यंत.
जखम निळी निघाली. निळी माती.
बापाला मिळाल्या चहाच्या दोन विटा, एक कंदील.
"गारगोट्यांसाठी मेले एवढे चालतात,"
घरी येऊन तो म्हणाला,
आणि जन्मभर तेच म्हणत राहिला.

कोळसा त्याचा बाप नव्हे.
कोळशाला आधी झाडं लागतात,
आणि हा झाला तेव्हा झाड नव्हतं,
मासा नव्हता,
मरून कुजेल असं जमिनीवर काहीच नव्हतं.
दीडशे किलोमीटर खाली, अंधारात,
कार्बनला पळायला जागा उरली नाही, एवढंच.
मग एकदा पृथ्वीला ठसका लागला
आणि तो काही तासांत वर आला.
रमतगमत आला असता
तर वाटेतच मऊ पडला असता,
पोरांच्या पेन्सिलीतलं शिसं होऊन.
कुन्नेय म्हणायची,
माझ्या थोरल्याला हे सांगायला हवं,
दहा वर्षं झाली, अजून घरी पोचतोय.

सगळ्यांना ओरखडतो,
त्याला फक्त त्याच्याच जातीचा ओरखडतो.
पण हातोडा घातलात तर फुटतो,
काचेच्या बरणीसारखा, नीट त्याच्या रेषेवर.
हे ती कुजबुजून सांगायची,
जणू कुणाच्या घरातलं भांडण.

पुढे यंत्र आलं.
क्ष-किरण पडले की तो निळसर उजळतो,
आणि हवेची एक फुंकर त्याला बाजूला उडवते.
चरबीचे पट्टे भंगारात गेले.
आम्ही निवडायला बसलो, चिमटा, भिंग, पांढरा कागद.
अंगठीचे थोडे.
बाकीचे करडे, पिवळट, पोटात डाग असलेले,
ते करवतींच्या दातांना, ड्रिलच्या तोंडांना,
आणि त्यातले काही परत याच गावी येतात,
याच खाणीत,
आपल्याच भावकीला भोकं पाडायला.

तिचा शेवटचा आठवडा.
खिडकीच्या आतल्या बाजूला धरलेलं बर्फ
मी नखाने खरवडून आणलं, बोटभर जाड.
तिने कागदावरचा एक चपटा स्फटिक उचलला,
अंगठ्याच्या नखाएवढा,
आणि कडेने बर्फावर टेकवला.
जोर नाही, घासणं नाही.
तो लोण्यात जावा तसा उतरला.

"तो कापत नाहीये," ती म्हणाली,
"माझ्या बोटांची ऊब कापतेय.
तो नुसता वाट देतो."

तिची डावी दोन बोटं हिवाने गेलेली,
एकोणनव्वद साली, बस बंद पडली त्या रात्री.
मी विचारलं, त्या बोटांनी धरला तर?
तिने हात बदलला.
आम्ही दोघी वाकून बसलो.
बराच वेळ काही झालं नाही.
मग बर्फावर एक ओली रेघ उमटली,
केसाएवढी.

कॅमेऱ्याने सगळं पाहिलं.
तीन दिवसांचा पगार कापला गेला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं: खेळ.

टेबलावर चमचाभर पाणी उरलं.
चिमट्याने मी त्याला त्यातून उचलला,
वजन केलं, नोंद केली.
पुसावा लागला नाही.