अजून सात मिनिटं

रविवारी उपाशीपोटी एकच गोळी,
वर पेलाभर साधं पाणी,
मग अर्धा तास ताठ बसायचं.
चहा नाही. आडवं व्हायचं नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवंडलात तर घसा जाळेल.
म्हणून ओट्यावर बसते, भिंतीला पाठ न टेकता,
शाळेत पहिल्या दिवशी बसले होते तशी.

पारोळ्याच्या बाजारात खापर घेताना
मी बोटाने टिचकी मारून बघायची.
खणखणलं तर घ्यायचं,
बद्द वाजलं तर कुंभारणीला म्हणायचं,
हे तुझ्याच चुलीला ठेव.
स्वतःला कधी वाजवून पाहिलं नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी मनगटं सुजली.
सकाळी मूठ वळेना, वेणीचा पेड हातातून सुटे.
स्टँडजवळच्या कंपाउंडरने
कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या.
तिसऱ्या दिवशी मी परात ओढली!
मेहुणबाऱ्याच्या लग्नात
दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरवला,
ऐंशी मांडे, एकही फाटला नाही.
बाया म्हणाल्या,
"काय वं द्वारकाक्का, तोंडवर कसं तेज उनं!"
तेज नव्हतं, सूज होती.
त्या लग्नातला फोटो कपाटात आहे.
गोल चेहऱ्याने हसते आहे मी,
आणि ते हसू खोटं नाही.

चार वर्षं पुड्या.
मग एका दुपारी म्हशीपुढची बादली उचलताना
पाठीत
वाळली तुरीची शेंग तडकावी तसं झालं.
बादली भरलेलीसुद्धा नव्हती.

धुळ्याच्या मशीनने आकडा दिला:
वजा तीन पूर्णांक दोन.
वजाबाकी मला येते.
हातांना दिलं, ते पाठीतून काढलं होतं.
पांढरी गोळी एकदम सोडता येत नाही म्हणे,
आता अर्धी, पुढे पाव,
तान्ह्याचं अंगावरचं दूध तोडावं तशी तोडते आहे.
बुधवार सांध्यांचा, रविवार हाडांचा,
सोमवारचा उपास तेवढा सुटला.

आज आखाजी.
आत चुलीपाशी सून मांडा हातावर घेते.
मी इथूनच सांगते,
बोटं नको रोवू, खेळव नुसता,
त्याचं वजनच त्याला मोठं करतं.
फाटतो.
ती माझ्याकडे बघते, मी घड्याळाकडे.

अजून सात मिनिटं.