दुसरा हात

घणसोलीच्या तळ्याची भिंत.
किटली मीच काढली होती तिच्यावर,
तोटीतून वाफेच्या तीन रेघा,
त्या माझ्या मनाच्या, कुणी सांगितल्या नव्हत्या.

सकाळी शेठचा पोऱ्या डबा आदळून गेला :
"किटली पूस. रात्रीपर्यंत शिडी पायजे."

पांढऱ्याचा पहिला हात मारला
तर केणी काकू सुकटीची पाटी घेऊन थांबली.
"मी त किटलीला दिलता मत.
ता शिरीवर कसा चरला?"
टेमकर सर रिक्षातूनच ओरडले, "झाकू नका, खरवडा!"
रिक्षावाला म्हणाला, "नळाला पाणी येतंय ना सर? मग बसा."
सरांनी पुढच्या वळणाला उतरून
सुट्टे पैसे मोजून घेतले.

शिंप्याची पोरगी, यंदा पहिलंच मत तिचं,
बराच वेळ उभी.
शाई नखाच्या टोकाशी आलेली,
अजून कापली नव्हती.

मला कुणी विचारलं नाही.
मत मीही दिलंय, आणि
किटलीचे बावीसशे येणं आहे.
शेठ म्हणतो, ते जुन्या पक्षाकडे माग.
जुना पक्ष म्हणतो, गद्दाराला विचार.

दिवे लागेपर्यंत शिडी झाली. पाच पायऱ्या.
पण पांढरा पातळ निघाला,
आतली किटली दिसतेय,
शिडी तिच्याच झाकणावर टेकवल्यासारखी,
आणि वाफ पायऱ्या चढतेय.

दुसरा हात मारावा लागेल.
आधीचे बावीसशे आले
की मारीन.