बंदराबाहेर

शिमोनोसेकीहून बोट सुटते पावणेआठला
आणि घड्याळ बदलावं लागत नाही,
इतकं जवळ आहे माझं घर.
वसतिगृहातल्या फिनलंडच्या मुलीला तीन विमानं लागतात;
तिला निरोप द्यायला अख्खा मजला खाली उतरला होता.
मला कुराहाशी बाईंनी दारातच विचारलं,
"महिनाअखेरीला येशीलच ना?"
जणू मी कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेय.

मग चपला काढून पुन्हा आत गेल्या,
मुरंब्याची बाटली घेऊन आल्या,
परसातल्या जाड सालीच्या आंबट संत्र्यांचा.
निळ्या रुमालात बांधला.
गाठ अशी, की दिसायला घट्ट
आणि एक टोक ओढलं की मोकळी.
"आईला सांग, कडवट झालाय जरासा."

माझ्या आईने मारलेली गाठ
कात्रीशिवाय सुटत नाही.

स्वस्तातल्या खोलीत चटईवर आम्ही अकरा जणी.
त्यातल्या नऊ फेरीवाल्या,
आठवड्यातून दोनदा समुद्र ओलांडणाऱ्या.
जाताना तिळाचं तेल, वाळवलेलं शेवाळ,
येताना खोकल्याचं औषध, थर्मास, बिस्किटं.
माक-सून मावशींनी गाठोडं उशाशी ओढलं.
"काय शिकतेस तिकडे?"
"भरती-ओहोटीचं गणित."
"त्याला फी भरतेस?"
नऊही जणी हसल्या. मीही.

कसली सुट्टी म्हणा ही.
माझ्या मैत्रिणींचं कॉलेज दोन मार्चलाच सुरू झालं,
त्या दुपारभर वर्गात असणार.
मी त्यांच्या शहरात हिंडेन
चुकीच्या दिवशी जेवायला आलेल्या पाहुण्यासारखी.

रात्री अंधारात कुणाचा तरी पाय माझ्या पायावर पडला
आणि माझ्या तोंडून निघालं, "सुमिमासेन."
पाय तिचा, माफी माझी,
तीही जपानीत.
क्षणभर कुणीच बोललं नाही.
मग माक-सून मावशी, पांघरुणातून:
"अजून त्याच पाण्यात आहेस गं पोरी."

तीनच्या सुमाराला जाग आली ती शांततेने.
इंजिन मंदावलं होतं.
वर गेले तर समोर बुसान:
पूल, क्रेनच्या लांब माना,
टेकडीच्या कडेकडेने वर चढलेले दिवे.
आणि बोट जागच्या जागी.
कस्टमवाले आठला येणार,
तोवर नांगर.
पाच तास घर डोळ्यांसमोर
आणि मी अजून कुठेच पोहोचलेली नाही,
एका देशाचा शिक्का बसलेला,
दुसऱ्याचा बसायचा.

फोनला रेंज आली आणि लगेच तो वाजला.
आई जागीच होती.
वीस वर्षं तिने गोदीत जहाजांचा गंज ठोकून काढला,
हातोडीने, फळीवर लोंबकळत.
तेव्हापासून तिला कमी ऐकू येतं
आणि ती सगळ्यांशीच ओरडून बोलते.
"युरिम! कुठलं जहाज तुझं?"
"पांढरं! खिडक्यांच्या तीन ओळी!"
"दिसतंय! इकडे बघ!
स्वयंपाकघरातला दिवा लावते-विझवते!
दिसला?"

टेकडीवर हजार दिवे.
कुणी पहाटपाळीला उठत होतं, कुणी रात्रपाळीहून निजत होतं,
इथे एक लागत होता, तिथे एक मालवत होता.
त्यातला आपला कुठला, काही कळेना.
"दिसला," मी ओरडून सांगितलं.

मागून मावशी आल्या, खांद्यावर काहीतरी ऊबदार टाकलं.
"खाली चल. गारठा आहे.
घर काय पळून जातंय?"
मी हात केला, थांबा म्हणून.
आईने फोन ओट्यावर तसाच ठेवला होता
आणि बटणाचा आवाज माझ्यापर्यंत येत होता,
खट् खट्,
जरा थांबून पुन्हा खट् खट्.
तिला स्वतःला तो ऐकू येत नसणार.