आठ ते अडीच

आठ ते अडीच मी राज्य असतो.
खुर्चीचं एक चाक गेलंय,
म्हणून भिंतीला टेकलेलं राज्य.
मागे झेंडा, पुढ्यात शाईची गादी,
शिक्क्यातला गरुड पालथा, नाक शाईत.

आज एक बाप आला सल्फीतच्या दवाखान्यातून,
मुलगी झालेली, अकरा दिवसांची.
नाव ठरलंय: लुबाब.
नाव मी लगेच लिहिलं. नावं आमच्या अखत्यारीत.
नंबर टेकडीवरच्या त्यांच्या छावणीतून येतो,
नऊ आकडी.
तो येईपर्यंत ती दूध पिईल, रडेल, बाळसं धरेल,
फक्त पुलापलीकडे आजीला दाखवायला नेता येणार नाही.
"मग तोवर ती कुठली?" बापानं विचारलं.
मी म्हणालो, "सोमवारी या."

रात्री घाण्यावर जैतुनाची पोती घेऊन रांग.
आमचा नंबर एक्केचाळीस, चालू होता सव्विसावा.
एवढ्या वेळात माणसं दुसरं काय करणार?
रुश्दीमामानं सुरुवात केली:
"किल्ल्या परत द्या त्यांना. कचरा उचला म्हणावं, शाळा चालवा,
पगार द्या. कब्जा त्यांचा आणि झाडलोट आपली?"
हिक्मत मास्तर, चाळीस वर्षं भूगोल शिकवलेले,
म्हणाले, "नाव तरी राहू दे रे.
नाव असलं की जगात कुणीतरी हाक मारतं."
"हाक मारतात, मास्तर. ओ द्यायला परवानगी लागते."

माझी तवद्दुद पोत्यावर बसलेली.
तेवीस वर्षांची, कायदा शिकते,
सरकार निवडायला अजून एकदाही मत दिलेलं नाही, इथं ना तिथं.
"मला राज्य नको," म्हणाली, "मत हवं.
घर पाडायचा हुकूम जिथून निघतो
तिथवर पोचेल असं."
मामा उसळला. "त्यांच्या संसदेला? उद्या त्यांच्या झेंड्यापुढे उभी राहशील!"
"आत्ता काय बसून असते? नाक्यावर रोज दोन तास उभीच असते."

हसले सगळे. मामा नाही हसला.
त्याच्या भावाचा फोटो अजून चौकातल्या भिंतीवर आहे,
ऊन लागून निळा पडलेला.

मग रस्मिया, जिची झाडं कुंपणापलीकडे:
"एक राज्य करा, दोन करा, साडेतीन करा.
माझी बत्तीस झाडं कुठल्यात येतात ते आधी सांगा.
फळ तोडायला चार दिवस सोडतात,
फेब्रुवारीत छाटणीला कोण सोडणार?
आडात आहे, बाबांनो. पोहरा त्यांच्याकडे आहे."

सगळे माझ्याकडे वळले.
"तू बोल की. तू तर सरकार."
सरकारचा या महिन्याचा पगार निम्मा आला होता.
मी तोंड उघडलं
आणि वीज गेली.

दगड थांबला. पट्टा थांबला. अंधारात फक्त वास,
कडू, हिरवा, घशात बसणारा.
वीजही तिकडूनच विकत येते.
कुणीतरी म्हणालं, "घ्या, गेलं सार्वभौमत्व."
या वेळी मामाही हसला, आणि मला बरं वाटलं, का कोण जाणे.

जनरेटर लागला. पहाटे तीनला आमचं तेल उतरलं,
चार डबे आणि एक अर्धा.
घाणेवाल्यानं खडूनं डब्यावर लिहिलं: ४१.
तवद्दुदनं त्या आकड्यावर बोट फिरवलं.
"बाबा, हा तरी आपणच दिलेला ना?"
"खडू तिकडचा असेल," मी म्हणालो,
आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.

घरी येईतो ती बोलली नाही.
वळणावर डबा कलंडू नये म्हणून
दोन्ही गुडघ्यांत धरून बसली होती.

सोमवार. आठ वाजून पाच.
तो बाप दारात, मुलगी खांद्यावर झोपलेली.
टेकडीवरून काहीच आलेलं नाही.
मी खुर्ची भिंतीला टेकवली,
आणि तिचं तोंड नीट दिसावं म्हणून
उठून या बाजूला आलो.